नानांचा रेडिओ आणि माझा दावा

छंद माणसाने लावून घ्यायचा असतो की तो आपोआप लागतो, याविषयी जाणत्यांत मतभेद असतील. मला मात्र माझा छंद एका चुकीने लावला. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून त्यांच्या पोटात डोके घालून बसलेला हा सेवानिवृत्त गृहस्थ पाहून शेजारची मुले हसतात. आमची सौ. तर मागल्या खोलीत मांडलेल्या त्या सात खोक्यांना ‘तुमचा अनाथाश्रम’ म्हणते. मी कोणालाच काही सांगत नाही. आज वाचकांजवळ मात्र मन मोकळे करावेसे वाटते.

आमच्या इंदूरच्या घरात रेडिओ आला तो १९६२ च्या दिवाळीत. सीमेवर चीनशी युद्ध पेटलेले होते आणि बातम्या ऐकण्यासाठी नाना रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर उभे राहत. उभे राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एके दिवशी टांग्यातून एक भलेमोठे लाकडी खोके घेऊन ते घरी आले. पुढे सोनेरी कापड, त्याखाली काचेची पट्टी, पट्टीवर दूरदूरच्या शहरांची नावे आणि कोपऱ्यात एक हिरवा डोळा. केंद्र नेमके लागले की त्या डोळ्यातला हिरवा प्रकाश पसरे. पोस्टातून परवाना काढावा लागे. वर्षाला १५ रुपये. १९८० नंतरच्या दशकात ती पद्धत बंद झाली, पण नानांनी परवान्याची पुस्तिका अखेरपर्यंत पोथीसारखी कापडात बांधून ठेवली होती.

त्या खोक्याने आमच्या घराला काय दिले नाही? २७ मे १९६४ रोजी नेहरू गेल्याची बातमी त्यानेच सांगितली आणि आमच्या चुलीवरचा तवा खाली उतरला. ऑगस्ट १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले तेव्हा कर्नल सी. के. नायडूंच्या या गावात केवढा आनंद झाला होता! सिलोनवरची गाणी आम्ही भावंडे ऐकत असू ती नाना बाहेर गेल्यावर. अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल सुरू झाला म्हणजे मात्र नाना स्वतःच खुंटी हलके फिरवून आवाज कमी करीत. “असं गाणं जोरानं ऐकायचं नसतं,” हे त्यांचे म्हणणे.

नाना गेले, भावंडे पांगली, घरात दूरदर्शन संच आला. तरी रेडिओ दिवाणखान्यातल्या कोनाड्यातून हलला नाही, कारण तो आता आईचा झाला होता. काचबिंदूने हळूहळू तिची दृष्टी नेली होती. ऐंशी उलटल्यावर तिच्यासाठी घड्याळ म्हणजे रेडिओ. पहाटेची ती ओळखीची धून वाजली की दिवस उगवला. भक्तिगीते संपली की चहा. दुपारच्या बातम्या झाल्या की जेवण. रात्रीचे शास्त्रीय संगीत संपले की निजानीज. पट्टीवरचा काटा तिला दिसत नसे, पण उजवीकडची खुंटी किती फिरवली की कोणते केंद्र, हे तिच्या बोटांना ठाऊक होते.

आणि मनी. आमची मांजर. व्हॉल्व्ह म्हणजे एका परीने दिवेच. आतली तार तापून लाल झाल्याखेरीज ते काम करीत नाहीत. म्हणून असा रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही, थोडा वेळ विचार करतो, आणि मग त्याचे लाकूड हळूहळू उबदार होते. त्या उबेवर मनी पाय पोटाशी घेऊन निजत असे. आई विचारी, “मनी बसली का रे वर?” बसली म्हटले की ती समाधानाने मान हलवी.

२००९ साली गणपती उठले आणि चारच दिवसांनी रेडिओतून घोंघों असा आवाज येऊ लागला. बोलणारा कोण, गाणारा कोण, सारे त्या घोंघावण्यात बुडून गेले. मी एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्या तरुणाने मागची पाठ न उघडताच निकाल दिला, “साहेब, याचे पार्ट येत नाहीत. नवीन घ्या.” मला ते पटले. पटले म्हणण्यापेक्षा सोयीचे वाटले, असे आज म्हणतो. जुना रेडिओ माळ्यावर गेला आणि शहरातल्या एका मोठ्या दुकानातून १,८५० रुपयांचा नवा, चकचकीत, हलका रेडिओ घरी आला.

त्याला बारा बटणे होती, सगळी सारख्याच आकाराची. आईने त्यांवरून बोटे फिरवली आणि हात मागे घेतला. “तूच लावत जा,” एवढेच ती म्हणाली. मनीने त्या खोक्याचा वास घेतला, वर बसायला जागा नाही हे पाहिले आणि ती स्वयंपाकघराकडे निघून गेली. एकोणिसाव्या दिवशी तो नवा रेडिओ मुका झाला.

येथून पुढचा प्रवास वाचकांपैकी बहुतेकांनी केलेला असेल. दुकानदार म्हणाला, विकणे आमचे काम, दुरुस्ती केंद्राकडे जा. केंद्रातल्या मुलीने तक्रारीचा क्रमांक दिला. आठ दिवसांनी दुसऱ्या मुलीने तो क्रमांकच जुना झाल्याचे सांगितले. फोन लावावा तर यंत्र सांगे, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि पंधरा मिनिटे तीच एक सुरावट ऐकवी. शेवटी उत्तर आले, आत पाणी गेले आहे, म्हणून हमी लागू नाही. कोनाड्यातल्या रेडिओत पाणी! ते पत्र वाचून माझ्यातला सरकारी नोकर जागा झाला. ३४ वर्षे मी फायली चालवल्या होत्या. आता ही चालवायची ठरवली.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे पुस्तक आणून मी अधोरेखित करीत वाचले. वकिलाची सक्ती नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, निवाडा शक्यतो तीन महिन्यांत व्हावा अशी अपेक्षा, हे सारे वाचून मला स्फुरण चढले. पावती, हमीपत्र, पत्रव्यवहार, टपालाच्या पोचपावत्या, सर्वांना अनुक्रमांक दिले. जानेवारी २०१० मध्ये जिल्हा मंचाकडे दावा दाखल केला. सकाळी उठल्यावर मी आधी ती फाईल उघडीत असे.

त्या महिन्यांत घरात काय चालले होते? आई दिवसातून वीस वेळा विचारू लागली, “किती वाजले रे?” पहाटे तीनला उठून ती पलंगावर बसून राही, कारण पहाट झाली की नाही हे सांगणारे कोणी नव्हते. भर दुपारी ती निजण्याची तयारी करी. दूरदर्शनवरच्या मालिकांतला आरडाओरडा ऐकून घाबरून विचारी, “कोण भांडतंय आपल्याकडे?” सौ. म्हणाली, “अहो, दुसरा एखादा साधा रेडिओ आणून द्या ना त्यांना.” मी म्हणालो, “दुसरा आणला म्हणजे आपण हार मानली असं होईल.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दावा रेडिओसाठी लावलाय, की तुमच्यासाठी?”

मी उत्तर दिले नाही. एके दिवशी मंचापुढे मांडायचे निवेदन लिहीत होतो. आईने तासाभरात चौथ्यांदा वेळ विचारली आणि माझ्या तोंडून निघून गेले, “आई, मघाशीच सांगितलं ना!” ती काही बोलली नाही. त्यानंतर तिने मला वेळ विचारलीच नाही. सुनेला विचारी, तेही हळू आवाजात.

एप्रिलमध्ये सुनावणीच्या आधीच कंपनीने तडजोड केली. रेडिओचे १,८५० आणि खर्चापोटी ५०० रुपये. मी जिंकलो होतो. तो धनादेश मी चार जणांना दाखवला.

मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची आवराआवर निघाली. अटालेवाला दारावरून ओरडत चालला होता, त्याला थांबवले. रद्दी, फुटके डबे यांबरोबर नानांचा रेडिओही माळ्यावरून खाली आला. अटालेवाल्याने तो तराजूत घातला नाही. काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, “बाबूजी, इसे मत बेचो. जेल रोड के पीछे चाचा बैठते हैं. उनके हाथ में यह बोल पड़ेगा.”

रद्दी विकत घेणाऱ्याने जे ओळखले ते मी आठ महिन्यांत ओळखले नव्हते.

चाचांचे दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हाताला किंचित कंप. पण तापलेली कांब हाती आली की तो कंप थांबे. त्यांनी पाठ उघडली, एक ब्रश फिरवला, रेडिओ लावून कान दिला आणि हसले. “कुछ नहीं बिगड़ा. साँस फूल रही है बस.” मग मला जवळ बसवून समजावले. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. रेडिओला लागते संथ, एका दिशेची. ती संथ करण्याचे काम एक कंडेन्सर करतो, पाण्याचा धक्का टाकीने झेलावा तसा. पंचेचाळीस-पन्नास वर्षांत त्याच्या आतला ओलावा सुकतो, टाकी कोरडी पडते, आणि विजेचे हेलकावे थेट आवाजात येतात. तेच ते घोंघों. नवा कंडेन्सर ४० रुपयांना समोरच्याच दुकानात मिळाला. मजुरी चाचांनी १०० रुपये सांगितली. काम झाले पाऊण तासात.

एकशेचाळीस रुपये आणि पाऊण तास. वाचकहो, हा हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे. तो दरवेळी तेवढाच येतो.

संध्याकाळी रेडिओ पुन्हा कोनाड्यात बसला. मी आईचा हात धरून उजव्या खुंटीवर ठेवला. तिने ती ओळखली. टक् असा आवाज झाला. आम्ही तिघेही काही न बोलता उभे होतो. हळूहळू सोनेरी कापडामागून तबल्याचा ठेका वर आला. आईने खोक्यावर तळहात ठेवला, ऊब येईपर्यंत तो तसाच राहू दिला आणि म्हणाली, “इतके दिवस कुठे होतास रे?”

ती रेडिओला म्हणाली असेल. मी मात्र मान खाली घातली.

मनीला परतायला आणखी दोन दिवस लागले. मांजरे चौकशी केल्याशिवाय येत नाहीत.

त्यानंतर मी चाचांकडे जाऊ लागलो, आधी उपकृत म्हणून आणि नंतर विद्यार्थी म्हणून. डाख कसा द्यावा, कोणता व्हॉल्व्ह थकला हे कसे ओळखावे, रेडिओ बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसते म्हणून आधी ती कशी उतरवावी, हे त्यांनी शिकवले. एकदा व्हॉल्व्हच्या शोधात मुंबईला लॅमिंग्टन रोडपर्यंत गेलो आणि परतीच्या अवंतिका एक्स्प्रेसमध्ये दोन काचेचे व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून रात्रभर मांडीवर सांभाळले. समोरच्या बाईंना वाटले, मी देवाच्या मूर्ती नेत आहे. आता चाचाही नाहीत. त्यांची तापती कांब त्यांच्या मुलाने मला दिली, ती मी वापरतो.

आई २०१३ साली गेली. शेवटची तीन वर्षे तिचे दिवस पुन्हा वेळेवर उगवले आणि वेळेवर मावळले. कोणाला वेळ विचारण्याची पाळी तिच्यावर आली नाही.

कायद्याची निंदा करण्यासाठी मी हे लिहिले नाही. तो चांगला होता. जुलै २०२० पासून त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केले. वस्तू फसवी निघाली तर तक्रार अवश्य करावी. मीही पुन्हा करीन. पण वस्तूचे पैसे परत मिळतात, कधी खर्चही मिळतो. अंधारात बसलेल्या माणसाचे आठ महिने परत देण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही. फाईल उघडण्यापूर्वी रेडिओची पाठ उघडून पाहायला हवी होती, आणि त्याच्याही आधी पलंगावर बसलेल्या आईकडे.

म्हणून कोणी बंद पडलेला रेडिओ आणून दिला की मी पहिला प्रश्न बिघाडाचा विचारीत नाही. विचारतो, “घरात हा ऐकतं कोण?” उत्तरात वडीलधारे माणूस निघाले, तर तो रेडिओ त्याच रात्री टेबलावर घेतो.