लोहाऱ्याची जास्वंद

'चायना रोज' ऐकून डोळ्यांसमोर नाजूक गुलाब आला असेल, तर सॉरी! ही आपली जास्वंदच. लिनियसनं १७५३ मध्ये तिचं बारसं केलं आणि नाव ठेवलं 'रोझा-सायनेन्सिस', म्हणजे चीनचा गुलाब. ती गुलाब नाही, आणि चीनच्या रानातही आपोआप उगवलेली सापडत नाही. अलीकडे काही अभ्यासक तिचं मूळ पॅसिफिक बेटांवर शोधताहेत. मी तिच्या प्रेमात पडले ते धाराशिव जिल्ह्यात, जो २०२३ पर्यंत उस्मानाबाद होता. नावांचं काही खरं नसतं, बॉस!

पुण्याहून सोलापूर, पुढे हैदराबाद हायवे. वाटेत नळदुर्गचा किल्ला लागतो. पावसाळ्यात पाणीमहालाच्या बांधावरून बोरी नदी कोसळते, तेव्हा तिथे थांबाच. आम्हाला मात्र मैत्रिणीच्या आत्याकडे जायचं होतं, म्हणून पुढे हायवे सोडून लोहारा तालुक्यात शिरलो.

सास्तूरच्या आसपासची काही गावं पाहून जुन्या सरकारी कॉलनीत आल्यासारखं वाटतं. सरळ रस्ते, सुटी सुटी घरं. कारण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि भूकंप झाला. किल्लारीचं नाव आपल्याला पाठ आहे. पण लातूरबरोबर हा जिल्हाही उद्ध्वस्त झाला, हे विसरतो. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. तेच झोपलेल्यांच्या अंगावर आलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

जुन्या गावात घराला घर चिकटलेलं. नव्या गावात घराभोवती मोकळी जागा मिळाली, पण आत्यांना ती खायला उठायची. "हाक मारली तर शेजारणीला ऐकू जायचं नाही," त्या सांगतात. मग त्यांनी जुन्या गावातल्या आडाजवळच्या जास्वंदीची फांदी आणून दारात लावली. आज ती चौकटीच्या वर गेलीय. लालभडक, पाच पाकळ्यांची, साधी. फांदीपासून वाढवलेलं झाड हे जुन्या झाडाचं पिल्लू नसतं. ते तेच झाड असतं. नर्सरीवाला याला नुसतं 'कटिंग' म्हणतो.

गणपतीत रोज या झाडाची फुलं देवाला. अनंत चतुर्दशीला आत्या फुलं तोडतात, पण त्या दिवशी फारसं बोलत नाहीत.

जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवसाचं. झाडावर ठेवा नाहीतर बिनपाण्याच्या ताटलीत, संध्याकाळी मिटणारच. तेव्हा बिनधास्त तोडा. बाल्कनीत पाच-सहा तास ऊन हवं. इथल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून आत्यांनी खड्ड्यात मुरूम आणि शेणखत घातलं होतं. कुंडीतही पाणी निचरलं पाहिजे. सोमवारी बादलीभर पाणी आणि मग थेट वीकेण्डला, असं केलंत तर कळ्या गळणार. पानांमागे कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात नीमतेल मिसळून फवारा. आणि छाटणीला घाबरू नका, फुलं नव्या फुटीवरच येतात.

निघताना आत्यांनी पेन्सिलीएवढ्या जाड चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. "एखादी तरी धरंल की," म्हणाल्या. दोन धरल्या. एक मैत्रिणीकडे आहे, भरपूर फुलते. माझीला परवा पहिली कळी आली.