पिशवी फाटली तर?

आज एक जुनी चूक कबूल करायची आहे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. पण धुळे जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातल्या शाळेत शिक्षक कमी, म्हणून काही वर्षं विज्ञानही शिकवलं. जिवाणूंचा धडा आला की मी सांगायचो, "जिवाणू म्हणजे नुसती पिशवी. आत केंद्रकसुद्धा नाही." एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "गुर्जी, ती पिशवी फाटनी ते मंग?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पान उलटलं. त्या वर्षी तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

परवा नात पुण्याहून जळगावला आली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. हा किस्सा ऐकून म्हणाली, "आजोबा, प्रश्न अगदी बरोबर होता!"

मग तिनं समजावलं. ही पिशवी म्हणजे पेशीपटल, मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाइतकं पातळ. ते गळू लागलं की जिवाणूची ऊर्जाच वाहून जाते. अशा वेळी पीएसपीए नावाचं प्रथिन धावून येतं. जिवाणूवर विषाणूचा हल्ला झाला की ते भराभर तयार होतं, हे १९९० साली दिसलं होतं. त्याचा प्रत्येक रेणू केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला. शेजारचे आकडे एकमेकांत अडकतात आणि लांब मळसूत्री नळी होते. रेणूच्या टोकाच्या तुकड्याची एक बाजू तेलाशी जमणारी, दुसरी पाण्याशी. तो तुकडा पटलात रुततो. अशी ही प्रथिनं पटलाला आधार देतात, वाकवतात, गळती थांबवतात.

पुढचं ऐकून मी गप्पच झालो. २०२१ साली या प्रथिनांची रचना बारकाईनं पाहिली, तेव्हा कळलं की ती आपल्या पेशींतल्या एस्कॉर्ट-३ प्रथिनांची भाऊबंद आहेत. आपलं फाटलेलं पटल सांधायला तीच येतात, पेशीविभाजनात शेवटचा दुवाही तीच तोडतात. म्हणजे हे घराणं अब्जावधी वर्षांचं!

लहानपणी कापसाची गोणी फाटली की वडील दाभण-सुतळी घेऊन बसायचे. फाटलं म्हणून गोणी कोणी फेकत नसे. हे माहीत असूनही मला त्या मुलीला साधं "माहीत नाही, शोधू" म्हणता आलं नाही.

ती आता पन्नाशीची असेल. कुणाच्या मोबाइलवर हे वाचलंस तर, बाई, तुझ्या गुरुजींचं उत्तर उशिरा आलंय: पिशवी फाटली तर जिवाणू ती सांधायला बघतो. आणि हसलो, ते चुकलं.