आत्याचे दोन भाषांतले पत्र

सन २००४. आत्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही भालकीहून हैदराबादला गेलो होतो. आदल्या संध्याकाळी तिने अमेरिकेतल्या मुलासाठी पत्र सांगायला घेतले. शेताचे, बँकेचे सगळे मराठीत. मग आवाज उतरला आणि ती कन्नडवर आली. मी जसेच्या तसे लॅपटॉपवर उतरवले. विंडोज एक्सपीत दोन्ही लिप्या होत्या, ही त्या काळी मोठीच सोय.

पण पाठवायचे कसे? काचीगुड्याच्या लॉजमध्ये खोलीतला फोन काउंटरवरून जोडून मिळे, त्यामुळे मोडेमला डायल टोनच मिळेना. सायबर कॅफेतले संगणक विंडोज ९८ चे. ते पेन ड्राइव्ह ओळखेनात. केबल परक्या लॅपटॉपला लावायला दोन ठिकाणी नकार मिळाला. त्यांचे तरी काय चुकले? व्हायरसची धास्ती सगळ्यांनाच.

काचीगुड्यात कर्नाटक साहित्य मंदिर, जवळच जांबागेत विवेकवर्धिनी. या भागात आपल्या दोन्ही भाषा कानी पडतात. तिसऱ्या कॅफेतल्या पोराशी मी कन्नडमध्येच बोललो.

"ऑपरेशन यावाग?"

"नाळे बेळग्गे."

त्याने एका संगणकाची केबल उपसून माझ्या हाती दिली. त्या संगणकाचा आयपी क्रमांक लॅपटॉपमध्ये भरला आणि पत्र गेले. रात्रीचे साडेदहा झाले होते. पोराने शटर अर्धे ओढले, पण मला बसू दिले.

अर्ध्या तासात उत्तर आले. लिपी रोमन, भाषा सगळी कन्नड. ते वहीत उतरवून घेतले आणि सकाळी स्ट्रेचरपाशी वाचून दाखवले.

आत्या म्हणाली, "इन्नोम्मे ओदु. सावकाश."