पाण्यावरचे वारकरी

पक्षिनिरीक्षण म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते खाकी कपडे, गळ्यातल्या महागड्या दुर्बिणी आणि रानावनातली पायपीट. हा छंद धडधाकट आणि सुखवस्तू माणसांनीच करावा, असे आपल्याकडे बहुतेकांना वाटते. पण छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याने तरी तसे म्हणू नये. पैठणची एस. टी. धरावी, पन्नासेक किलोमीटर जावे, काठावरच्या एखाद्या गावची वाट विचारावी आणि नाथसागरासमोर उभे राहावे. ना चढ, ना उतार!

ही सोय झाली ती आपल्या सपाट मुलखामुळे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे! पण मागे खोल दरी नाही. त्यामुळे परातीत ओतावे तसे गोदावरीचे पाणी दूरवर पसरले आणि कडेला उथळच राहिले. पाऊसकाळ सरला की ते हळूहळू मागे हटते, चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, शिंपले, कोवळे गवत. पक्ष्यांना आयतीच पंगत! १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

गेल्या पौषात मी आजीला तिथे घेऊन गेले. तिने सत्तरी ओलांडली आहे आणि गुडघे कुरकुरतात. पण इतका सपाट काठ पाहिल्यावर गुडघ्यांनाही तक्रार करायला जागा उरली नाही. आम्ही पाण्यापासून थोड्या अंतरावर घोंगडी अंथरली. फार पुढे गेले तर पक्षी उठतात. एका जागी मुकाट बसले तर तेच जवळ येतात.

समोर शेकाट्या आपल्या तांबूस, काटकुळ्या पायांवर चिखल तुडवीत होता. चक्रवाकांची एक जोडी भगव्या अंगाने ऊन खात होती. पलीकडे पट्टकादंब हंसांचा थवा चरत होता. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून हे पाहुणे आपल्याकडे हिवाळा काढायला येतात, हे मी आजीला सांगितले. ती म्हणाली, "एवढ्या लांबून? मग लेकुरवाळी असतील बिचारी."

मग काळ्या पक्ष्यांचा एक मोठा घोळका पाण्यावरून आला. साऱ्यांच्या कपाळावर पांढरा ठिपका. मी म्हणाले, "आजी, यांना वारकरी म्हणतात." आजीने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि एकदम हात जोडले. "व्हय ग, गंध लावूनच आलेत की! नाथांच्या दारात दुसरं कोण येणार?"

तिने दुर्बीण खाली ठेवली नाही. ती हळूहळू उजवीकडे वळवीत नेली आणि एका जागी थांबली. तिथे काहीच नव्हते, नुसते पाणी. "त्या बगळ्याच्या पल्याड आमची बारव होती," ती म्हणाली. "बारवेवर चिंच. लग्न होऊन आले ती त्याच वाटेनं."

आजीचे गाव धरणात गेले हे घरात सर्वांना ठाऊक होते. तशी कितीतरी गावे गेली. पण नव्या गावठाणात राहायला गेल्यापासून ती एकदाही या काठाला आली नव्हती. कोणी विचारले की गुडघ्यांचे कारण सांगे. त्या दिवशी कारण चालले नाही, आणि ती तासभर बोलत राहिली. कोणाचे घर कुठे, मारुतीचा पार कुठे, ज्वारीला कणीस किती मोठे येई. मी वहीत पक्ष्यांची नावे लिहीत होते. त्याच पानावर माणसांची नावेही उतरली.

मित्रहो, आपल्या शहराच्या नळाला नाथसागराचे पाणी येते. ज्या उथळ काठावर आपण सहज जाऊन बसतो, तो कोणाचे तरी शेत होता. म्हणून काही आनंद कमी होत नाही; हंस सुंदरच दिसतात. पण पक्ष्यांची ओळख करून घेताना खालच्या जमिनीचीही ओळख असावी. ती सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीची आहेत. घरात असे कोणी असेल तर येत्या हिवाळ्यात त्यांना बरोबर न्या. वाट सोपी आहे.

निघताना आजीला विचारले, "वाईट वाटलं का ग?" ती म्हणाली, "वाटलं. पण जागा ओस नाही पडली, हेही बघितलं."