शेपटी एवढी मोठी कशाला?

माझ्या टेबलावर एक विमान आहे. वीतभरही नाही, पण धातूचं, हातात घेतलं की चांगलं जड लागतं. तिसऱ्या पगारातून घेतलेलं. पहिल्या दोन पगारांत एज्युकेशन लोनचा हप्ता आणि आईचा मिक्सर झाला होता. ते घरी आलं त्या रविवारी आईनं टेबल पुसता पुसता ते उचलून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे मधूनच तोडल्यासारखं काय दिसतंय? डुप्लिकेट दिलं की काय तुला?"

"नाही गं, ते असंच असतं."

"असंच? मग शेपटी एवढी मोठी कशाला?"

मला त्या क्षणी आईचा फार अभिमान वाटला. हे विमान पहिल्यांदा बघणाऱ्याला नेमके हेच दोन प्रश्न पडतात.

विमानाचं नाव बोइंग ७४७ एसपी. जम्बो जेट तुम्हाला माहीत असतंच. चार इंजिनं, डोक्यावर उंचवटा, त्यात वरचा मजला. नेहमीचं जम्बो साधारण ७०.६ मीटर लांब. एसपी ५६.३ मीटर. म्हणजे एका अख्ख्या एसटी गाडीपेक्षा लांब तुकडा पोटातून काढून टाकलेला. पंख मात्र पूर्वीएवढेच, जवळजवळ ६० मीटरचे. त्यामुळे हे विमान लांबीपेक्षा रुंदीला जास्त आहे. नाक तेच, उंचवटा तोच, आणि मागे लगेच शेपटी. मोठ्या माणसाचं डोकं लहान मुलाच्या धडावर ठेवावं तसं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या आदल्या रात्री, हॉस्टेलवर व्हिडिओ बघत बसलो असताना मला ते पहिल्यांदा दिसलं. मला वाटलं कोणीतरी फोटो एडिट केलाय. मग पहाटे चारपर्यंत वाचत बसलो. सबमिशनचं काय झालं ते विचारू नका.

आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला लागलो. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, मोमेंट आर्म वगैरे. आई स्वयंपाकघरात निघून गेली. बाबा पेपर वाचत होते. ते दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होते. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पान्याचा दांडा आखूड केला तर जोर जास्त लावावा लागतो. त्यात काय एवढं?"

खरंच त्यात तेवढंच आहे. विमानाची शेपटी म्हणजे त्याला सरळ ठेवणारा हात. ती मधल्या भागापासून जितकी लांब, तितकं थोड्या जोरात काम होतं. धड आखूड केलं की शेपटी जवळ येते, दांडा आखूड होतो. मग तेवढंच काम करायला शेपटीच मोठी करावी लागते. म्हणून एसपीची उभी शेपटी सुमारे दीड मीटरनं वाढवली, आडवे पंखही रुंद केले, आणि सुकाणूला एकाऐवजी दोन ठिकाणी वळणाऱ्या बिजागऱ्या दिल्या. सर्वांत आखूड जम्बोची शेपटी सर्वांत उंच आहे ती अशी.

पण मुळात कापलं कशाला?

१९७०च्या दशकात पॅन ॲम आणि इराण एअर या दोन कंपन्यांना एक गोष्ट हवी होती. न्यूयॉर्कहून उडायचं आणि मध्ये कुठेही न थांबता एकीला टोकियोला, दुसरीला तेहरानला उतरायचं. न्यूयॉर्क ते टोकियो जवळपास ११ हजार किलोमीटर. त्या वेळचं भरलेलं जम्बो एका दमात तेवढं जात नव्हतं. इंधन प्रामुख्यानं पंखांत असतं. पंख तेच ठेवले, इंजिनं तीच ठेवली आणि धडाचं वजन कमी केलं, तर तेच इंधन जास्त लांब पुरतं. शिवाय हलकं विमान जास्त उंचावर चढतं, तिथे हवा विरळ, म्हणजे विरोधही कमी. वजन घटल्यावर पंखामागच्या झडपाही साध्या करता आल्या. मोठ्या जम्बोच्या झडपा तीन पदरी, गुंतागुंतीच्या. एसपीच्या एका पदराच्या. त्यातही वजन वाचलं.

सुरुवातीला त्याचं नाव 'एसबी' होतं, शॉर्ट बॉडी. नंतर 'एसपी' झालं, स्पेशल परफॉर्मन्स. आखूड म्हणून विमान कोण विकत घेणार? मार्केटिंगवाले तेव्हाही होते.

४ जुलै १९७५ला ते पहिल्यांदा उडालं. पुढच्या मार्चमध्ये साउथ आफ्रिकन एअरवेजचं नवं कोरं एसपी अमेरिकेतल्या एव्हरेटहून निघालं ते थेट केप टाउनला उतरलं. १६,५६० किलोमीटर, १७ तास २२ मिनिटं. प्रवासी विमानाचा हा विक्रम १९८९पर्यंत टिकला. त्या कंपनीला असं विमान हवं असण्याचं कारण मात्र सरळ नव्हतं. वर्णभेदामुळे अनेक आफ्रिकी देश तिला आपल्या आकाशातून जाऊ देत नव्हते, म्हणून युरोपला जाताना आफ्रिकेच्या पश्चिमेकडून समुद्रावरून वळसा घालावा लागायचा. आपल्या लाडक्या यंत्राची ही बाजूही माहीत असलेली बरी.

त्याच वर्षी मे महिन्यात पॅन ॲमच्या एका एसपीनं न्यूयॉर्कहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे ४६ तासांत, फक्त दोन थांबे घेऊन. दुसरा थांबा टोकियो. पहिला होता दिल्ली. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडे डिझेल भरायला थांबलं म्हण की." हो, तसंच.

एवढं सगळं असून एसपी फक्त ४५ बनली. कारण साधं गणित. चार इंजिनं पोसायची, पण माणसं पावणेतीनशेच्या आसपास. मोठ्या जम्बोत साडेतीनशेच्या वर बसायची. खर्च सीटवर वाटला की एसपी महाग पडायचं, आणि दशक तर तेलाच्या भडकलेल्या किमतींचं. पुढे १९८९मध्ये ७४७-४०० सेवेत आलं. पूर्ण लांबीचं, आणि एसपीपेक्षाही लांब जाणारं. ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एसपी बनलं होतं, तो प्रश्नच उरला नाही.

हे सगळं मला कॉलेजपासून पाठ होतं. पण ते आतून लागलं गेल्या वर्षी.

मी ज्या कंपनीत आहे तिथे आमच्या टीमनं एका क्लायंटसाठी त्यांच्या मोठ्या ॲपची छोटी आवृत्ती बनवली होती. क्लायंटची माणसं गावोगाव फिरून फॉर्म भरून घ्यायची. जुने फोन, रेंजचा पत्ता नाही. मोठं ॲप तिथे उघडायचंच नाही. आम्ही अर्ध्याहून जास्त फीचर काढून टाकली. ॲप एवढंसं झालं. पण नेटवर्क नसताना भरलेला फॉर्म हरवायला नको, दोघांनी एकच फॉर्म भरला तर गोंधळ नको, रेंज आली की सगळं क्रमानं वर जायला हवं. या सगळ्याचा कोड मी लिहिला, आणि तो वाढतच गेला. एकदा रिव्ह्यूमध्ये मॅनेजरनं विचारलं, "ॲप एवढंसं आणि सिंकचा कोड एवढा मोठा का?" मला हसू आलं. त्याला का ते कळलं नाही.

तीन वर्षं ते ॲप चाललं. एकही फॉर्म हरवला नाही. हे मी छाती फुगवून सांगतोय, कारण दुसऱ्या कुठे सांगायला मिळालेलं नाही. मग गावांत नेटवर्क सुधारलं, फोन बदलले, लोक मोठ्या ॲपवर गेले. शेवटी साठ-सत्तर जण वापरणारे उरले. एका मीटिंगमध्ये ठरलं की बंद करायचं. ती मीटिंग वीस मिनिटांची होती, त्यातली पाच मिनिटं कोणाचा तरी माइक म्यूट होता. बंद करण्याची स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण आतलं सगळं मलाच माहीत होतं.

त्याच महिन्यात अप्रेझलचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना: तुमच्या कामाचा आज किती युजर्सवर परिणाम होतो? मी तो रकाना चार दिवस रिकामा ठेवला. एवढी वर्षं एका चुकीच्या गोष्टीत घालवली, असं वाटत राहिलं. बरोबरचे लोक मोठ्या ॲपवर होते. त्यांच्या रकान्यात लाखांचे आकडे होते.

अशा वेळी एसपीच्या चाहत्यांचं आवडतं उदाहरण आहे सोफिया. मीही ते स्वतःला सांगून बघितलं. पॅन ॲमचं 'क्लिपर लिंडबर्ग' नावाचं एक एसपी पुढे युनायटेडकडे गेलं आणि १९९७मध्ये नासानं घेतलं. जर्मन अंतराळ संस्थेबरोबर त्याच्या पाठीमागच्या भागात मोठं दार कापून १७ टनांची दुर्बीण बसवली. ते दार उडताना उघडायचं. १२-१३ किलोमीटर उंचीवर, हवेतल्या जवळजवळ सगळ्या बाष्पाच्या वर, तासन्‌तास तरंगत ते इन्फ्रारेडमध्ये आकाश बघायचं. लांब जाणं आणि उंच चढणं हेच तर एसपीला येत होतं. सीटचा हिशोब तिथे कोणी मागत नव्हतं. चंद्राच्या ऊन पडलेल्या भागावर, क्लॅव्हियस विवरात, पाण्याचे रेणू सापडल्याचं २०२०मध्ये जाहीर झालं, ते याच विमानानं केलेल्या निरीक्षणांतून.

पण ही गोष्ट इथे थांबवली तर खोटी होते. सोफियाचाही खर्च निघाला. सप्टेंबर २०२२मध्ये ते शेवटचं संशोधनासाठी उडालं आणि आता ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात उभं आहे. उरलेल्या एसपींपैकी बहुतेक भंगारात गेली. ४५ विमानांपैकी एकाच्या वाट्याला चंद्र आला. 'थांब, तुझाही चंद्र येईल' असं कोणाला सांगायचा मला धीर होत नाही.

मग विमानवेड्यांना ते एवढं का आवडतं? सुंदर म्हणून नाही. अर्धे लोक त्याला कुरूपच म्हणतात, हत्तीचं पिल्लू म्हणतात, आणि तरी त्याचे फोटो जमवतात. मला वाटतं, त्याच्याकडे बघितलं की ते का तसं आहे ते दिसतं. बाकीची विमानं इतकी गुळगुळीत जमलेली असतात की त्यांच्यात कोणी काय सोडलं आणि काय मिळवलं ते कळतच नाही. एसपीत लांब जाण्यासाठी धड सोडलं ते दिसतं, आणि धड सोडल्याची भरपाई म्हणून शेपटी वाढवली तेही दिसतं. सगळा हिशोब अंगावर. माझ्या आईला तो पाच सेकंदांत दिसला.

एका रात्री मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, स्क्रिप्ट तयार होती, चालवायची बाकी होती. बाबा पाणी प्यायला उठले. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आमच्या दाराला टेकण म्हणून वापरतो तो लोखंडी तुकडा पायानं सरकवला. "हा काय आहे माहितीये? पुलर आहे. एका जुन्या मॉडेलच्या गाडीचं बेअरिंग निघायचं नाही, म्हणून मी बनवला होता. त्या गाड्या निघाल्या भंगारात, हा घेऊन आलो घरी."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण गाड्या होत्या तेव्हा त्या यानंच सुटायच्या." आणि ते झोपायला गेले.

मी स्क्रिप्ट चालवली. अकरा मिनिटं लागली. एरर आली नाही.

मग अप्रेझलचा फॉर्म उघडला. आज किती युजर्स, या रकान्यात शून्य लिहिलं. खाली मोकळी जागा होती, तिथे लिहिलं की हे ॲप रेंज नसलेल्या गावांसाठी होतं, म्हणून ते छोटं होतं, म्हणून त्याचा सिंकचा कोड मोठा होता, आणि तीन वर्षांत त्यानं एकही फॉर्म हरवला नाही.

रेटिंग मधलंच आलं. आई अजूनही दर रविवारी विमान पुसते. मात्र हल्ली शेपटीपासून सुरुवात करते.