यादीत काय दिसावं

वज्रेश्वरी, रविवार रात्र

देवीच्या दर्शनाला आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आलेली माणसं इथल्या लॉजवर उतरतात. अशाच एका लॉजची नोंदवही मी सध्या संगणकावर आणतो आहे, मुंबईत घडलेल्या ‘फ्रॅपे’ या ओपन सोर्स फ्रेमवर्कमध्ये. तिथे प्रत्येक फील्डसाठी एक चेकबॉक्स असतो: ‘इन लिस्ट व्ह्यू’. त्यावर खूण केली की ते फील्ड नोंदींच्या यादीत येतं. ‘जँगो’ या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या अ‍ॅडमिनमध्ये हेच काम ‘लिस्ट_डिस्प्ले’ करतं. ते लिहिलं नाही, तर यादीत एकच रकाना दिसतो.

ही छोटीशी खूण मला फार जबाबदारीची वाटते. काउंटरवरच्या मुलाला नाव, खोली, आगमनाची तारीख आणि बाकी रक्कम एवढंच हवं असतं. आधार क्रमांक आणि घरचा पत्ता यादीत कशाला? काउंटरपाशी उभा असलेला कुणीही स्क्रीन वाचू शकतो.

पण यादीतून काढलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. नोंद उघडली की सगळं समोर येतंच. म्हणून आधारच्या फील्डला ‘परमिशन लेव्हल’ वेगळी द्यायची. मग अधिकार दिलेल्यांनाच ते दिसतं.

दर्शनाला आलेला माणूस विश्वासाने ओळखपत्र पुढे करतो. त्या विश्वासाला जागायचं, तर यादी आखताना प्रत्येक रकान्याबद्दल विचारावं: हे पाहून कुणाचं कोणतं काम होणार आहे? उत्तर मिळालं नाही, तर खूण काढून टाकावी.