गोदाकाठचं पान

आंब्याच्या कोवळ्या, तांबूस पानासारखा तो दिसतो. पण हे पान झाडाला लागत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या यकृतात, पित्तनलिकेच्या अंधारात ते वाढतं. शाळेच्या पुस्तकात चपट्या कृमींच्या संघात, प्लॅनेरिया आणि पट्टकृमीच्या शेजारी त्याचं नाव असतं: लिव्हर फ्लूक. आपल्याकडची थोरली जात फॅसिओला जायगँटिका, लांबीला साडेसात सेंटिमीटरपर्यंत जाते. कॉबोल्डने १८५५ साली तिचं पहिलं वर्णन केलं, ते जिराफात सापडलेल्या कृमींवरून.

त्याला रक्त नाही, फुप्फुस नाही, गुदद्वारसुद्धा नाही. ज्या तोंडाने खायचं त्याच तोंडाने उरलंसुरलं बाहेर टाकायचं. अन्न वाहून न्यायला रक्तच नसल्याने आतडं स्वतःच झाडासारखं फांद्या फोडत अंगभर पोहोचलेलं असतं. अंग चपटं का, याचं उत्तर इथेच आहे. जाड होणं त्याला परवडणारं नाही.

त्याला ‘तो’ म्हणावं की ‘ती’? मराठीला इथे अडायला होतं, कारण वृषण आणि अंडाशय दोन्ही एकाच देहात. भाऊबंदांत सगळ्यांचं असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना होणाऱ्या ज्या शिस्टोसोमाची नोंद १९५२ साली झाली, त्याच्यात नर-मादी वेगळे असतात. मादी नराच्या अंगावरच्या खोबणीत राहते, जन्मभर म्हटलं तरी चालेल.

आमच्या या पानाचं आयुष्य मात्र पाण्यावर बेतलेलं. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा भेटतात, तिथे बंधाऱ्यामागे पाणी पसरतं. २०२० साली हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पक्षी पाहणारे वर बघतात; मी काठाच्या चिखलाकडे बघत राहतो. पाणवनस्पतींना चिकटलेल्या लिम्निया गोगलगायी हव्यात, गुरं यायला हवीत. त्याला लागतो तो काठ असाच.

अंडी शेणातून पाण्यात पडतात. उबेत पंधरवड्याच्या आसपास त्यांतून केसाळ अळी सुटते. तिला तोंड नसतं, शिदोरी असते ती अंगातलीच, आणि मुदत जेमतेम एक दिवसाची. तेवढ्यात गोगलगाय गाठायची, नाहीतर संपलं. बहुतेक जणी संपतात. मला या जिवाबद्दल राग असूनही त्या एका दिवसाची कणव येते. जी पोहोचते ती मात्र गोगलगायीच्या आत एकीची शेकडो होते. मग शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडतात, पोहत गवताच्या पात्याशी येतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच विणून बसतात. डोळ्याला दिसला तर एक ठिपका. आता हालचाल नाही, फक्त वाट पाहणं.

पुढचं धनगराला ठाऊक आहे. पोटात गेलेला ठिपका आतड्याची भिंत भेदतो, यकृत पोखरत हिंडतो, तीन-चार महिन्यांनी पित्तनलिकेत ठाण मांडून अंडी घालू लागतो. मेंढी वाळते, डोळ्यांची पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. औषधं आहेत, वेळेवर दिली तर गुणही येतो. पण पिशवी दिसेपर्यंत यकृताची चाळण झालेली असते, आणि ज्याची सगळी मिळकत चार पायांवर उभी आहे त्याचं ते नुकसान मला लहान वाटत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर जंतनाशक द्यायला पिशवीची वाट पाहू नये. गवत कापून कडक उन्हात नीट वाळवलं तर ठिपका मरतो.

उन्हाळ्यात माळ करपतो. बंधाऱ्याचं पाणी उतरतं, आणि जिथून ते मागे हटलं तिथेच ओलीवर हिरवं पातं उरतं. भुकेली गाय तिकडेच वळते. तिची जीभ गवताला विळखा घालते.